आक्काच्या रक्तातला वाय

दिवाळीच्या सुट्टीला विद्यापीठातून घरी आले तेव्हा माझ्या एका हातात कपड्यांची पिशवी होती आणि दुसऱ्या हातात उंदरांचे पिंजरे. युसूफ वडगावात एसटीतून उतरून घरापर्यंत चालत येईस्तोवर निम्म्या गावानं ते पाहिले. माय दारातच उभी राहिली. "लोकं उंदराला औषध घालायलीत आन् तू पिंजरे घिऊन आलीस? पाळायचेत का काय?" पाळायचे नाहीत, धरायचे आहेत, मला अभ्यासाला लागतात, असं मी सांगितलं. माय पिंजऱ्यांकडे बघतच राहिली. एवढ्या लांब शिकायला धाडलेली पोरगी उंदीर धरते हे शेजारणींना कसं सांगावं, असा पेच तिला पडला असावा. तेवढ्यात आतून आक्का आली. तिनं माझ्या हातातले पिंजरे घेतले, एकाचं दार उघडून मिटून पाहिलं आणि म्हणाली, "स्प्रिंग ढिली हाय ह्याची. आप्पाकडून तार घिऊ."

आप्पा म्हणजे आमचे वडील, विजेच्या खात्यात वायरमन. घरात तारेचे तुकडे, फ्यूज, तारा अडकवायचे चिनीमातीचे फुटके चिमटे यांना तोटा नव्हता, उजेडाला मात्र होता. गावात लाइट गेली की लोक आधी आमच्या दारात येऊन ओरडायचे आणि आप्पा जेवणावरून उठून शिडी खांद्यावर टाकायचे. त्यांच्या ताटावर माय दुसरं ताट पालथं घालून ठेवायची. तीन खोल्या, वर पत्रे, पुढं मायनं सारवलेलं अंगण. संध्याकाळी बुद्धाच्या तसबिरीपुढं मेणबत्ती लागायची, वंदना व्हायची, आणि लगेच चुलीवर येसर आमटीला फोडणी बसायची. त्या येसर मसाल्याचा ठसका मला आजही खोकल्यासकट आठवतो. आता मी शहरात राहते, मसाला पुडीतला आणते, पण भाकरी कुस्करून खायला लागले की हात आपोआप मायच्या घरातल्या जर्मनच्या ताटलीच्या मापानं फिरतो.

आक्का माझ्याहून चार वर्षांनी मोठी. आमच्या घरात सगळ्यांत उंच तीच. आप्पांनाही तिच्याशी बोलताना मान वर करावी लागायची. कंबरेखाली केस, तुकतुकीत कातडी, आणि ज्वारीचं पोतं एका झटक्यात उचलायची ताकद. बायका तिच्याकडे वळून बघायच्या. तिचं लग्न गेवराईच्या पलीकडच्या एका गावात झालं होतं. नवऱ्याचं नाव उत्तम, कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होता, स्वभावानं गरीब, बोलायला कमी. नागपंचमीला आक्का माहेरी आली ती तिकडून कुणी न्यायला आलंच नाही. दसरा गेला, दिवाळी आली. घरात त्यावर कुणी बोलत नव्हतं. माय भाकरी जास्त जोरानं थापायची आणि त्या आवाजावरून आम्हाला सगळं कळायचं.

आक्काला पाळी आलेली नव्हती. कधीच नाही. मायनं केजला एका डॉक्टरला दाखवलं होतं, तो म्हणाला लग्न झालं की येईल. कुणी काढा दिला, कुणी गूळ-तीळ खायला सांगितलं. लग्न झालं, वर्ष उलटलं, दुसरंही सरत आलं आणि सासूच्या ध्यानात सगळं आलं. मग तिकडून निरोप आला: माघात विहारात बैठक बसवू, चार माणसांसमोर फारकत करू, आणि तुमी पोरीचं माहीत असून आमाला फसवलं हे तिथं कबूल करा. त्या निरोपात आणखी एक वाक्य होतं. सासू म्हणाली होती, "ती बाईच न्हाई." निरोप आणणाऱ्या माणसानं ते मायला सांगितलं आणि मायनं पदरात तोंड घातलं. आक्का त्या वेळी अंगणात शेंगा तोडत होती. तिनं ते ऐकलं आणि शेंगा तोडत राहिली.

सुट्टीत आम्ही दोघी सकाळी रानात जायचो. मला हवा होता शेतातला बारका उंदीर, अंगठ्याएवढा, पोटाला पांढरा. बांधाच्या कडेला त्याची बिळं असायची, तोंडाशी बारीक मातीचा ढीग. पिंजऱ्यात भाकरीचा तुकडा शेंगदाण्याच्या तेलात बुडवून लावायचा आणि दुसऱ्या दिवशी उन्हं वर यायच्या आत जाऊन बघायचं. आक्काला ते काम आवडलं. पिंजऱ्याचं दार पडलेलं दिसलं की ती लांबूनच ओरडायची, "घावला गं!"

एकदा बांधावर धपाटं आणि ठेचा खाताना तिनं विचारलं, "ह्याच्यात नर कोन्ता, मादी कोन्ती, तुला कसं कळतं?"

मी सांगितलं की वरून बघूनही कळतं, पण मी आत बघते. प्रत्येक पेशीत धाग्यांसारखी गुणसूत्रं असतात, त्यातली दोन नर-मादी ठरवतात. मादीला दोन एक्स, नराला एक एक्स आणि एक वाय. आमच्या या बारक्या उंदराचा वाय चांगला लांबलचक असतो, पण त्यातला बराच भाग मुका, त्याचं काम काय ते कुणाला माहीत नाही. तेच मी बघतेय.

"समद्या जित्राबांत असंच?"

"बऱ्याच. पण समद्यांत न्हाई." आणि मग मी तिला ग्रंथालयात वाचलेलं सांगितलं. उत्तरेकडच्या बर्फाळ जंगलात मुठीत मावेल असा एक उंदीर आहे, त्याच्या कितीतरी माद्यांना नरासारखा एक्स आणि वाय असतो, तरी त्या माद्याच असतात. त्यांचा एक्सच असा बदललेला असतो की वायचं काही चालत नाही. पश्चिम आशियात जमिनीखाली राहणारा आणखी एक आहे, त्याच्यात तर वाय उरलेलाच नाही. नराला एकच एक्स आणि मादीलाही एकच. तरी नर होतात, माद्या होतात, पिढ्या चालतात.

आक्काच्या हातातला घास हातातच राहिला. पिकातून वारा जात होता, लांब कुठं तरी मोटारीचा पंप सुरू झाल्याचा आवाज आला. म्हणजे लाइट आली होती आणि आप्पा आता घरी गेले असतील, असं मी काहीतरी बोलले. तिनं ते ऐकलं नाही. संध्याकाळी घरी परतताना, पिंजरे डोक्यावर घेऊन पुढं चालता चालता, मागं न बघता ती म्हणाली, "सुमे, मपलं बगशील का? आत काय हाय ते?"

मी विद्यापीठात परत गेले ते तिच्या आत काय आहे ते बघायचं डोक्यात घेऊनच. आमचे सर कडक होते. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आपण उंदरांचं काम करतो, माणसांचं नाही." मी दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. तिसऱ्या दिवशीही त्यांच्या दारात उभी राहिले. मी वादावादी केली नाही, फक्त उभी राहायची. शेवटी ते वैतागून म्हणाले, "सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टर बाईंकडे ने तिला. त्यांनी तपासून रक्त पाठवलं तर आपण बघू. आणि हे लक्षात ठेव, काय निघालं ते त्या सांगतील. तू नाही." तेव्हा मला ते टोचलं. पुढं मीही विद्यार्थ्यांना तेच सांगत आले.

आक्का एकटीच एसटीनं आली. मायनं बांधून दिलेल्या भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी घेऊन. होस्टेलवर माझ्या खोलीत राहिली. डॉक्टर बाईंनी तपासताना मला बाहेर थांबायला सांगितलं तर ती म्हणाली, "न्हाई, तिला आत ऱ्हाऊ द्या." बाईंचे हात हळुवार होते. मग रक्त काढलं.

रक्त तीन दिवस उबेत वाढवायला ठेवावं लागतं. मी उंदरांच्या हाडांतला मगज काढून शेकडो काचा केल्या होत्या, पण माणसाच्या रक्ताची ही पहिलीच. काच सुकवली, जांभळ्या रंगात बुडवली, धुतली. सूक्ष्मदर्शकात आधी नुसता गोंधळ दिसला. मग एक पेशी नीट पसरलेली सापडली. मी मोजलं, पुन्हा मोजलं, दुसऱ्या पेशीत मोजलं. एक्स एकच होता. आणि कडेला, सगळ्यांत बारक्यांत मिसळलेला, वाय. मी सरांना बोलावलं. त्यांनी डोळा लावला, त्यांनीही मोजलं. "डॉक्टरांना सांगू या," एवढंच म्हणाले.

डॉक्टर बाईंनी आक्काला समोर बसवून सगळं सांगितलं. त्यांनी शब्द सोपे वापरले पण काही लपवलं नाही. तुमच्या पेशीत वाय आहे. आईच्या पोटात असताना त्यानं तुमचं शरीर पुरुषाचं घडवायला निरोप धाडला, पण तुमच्या शरीराला तो निरोप ऐकूच येत नाही. म्हणून ते बाईचं घडलं. फक्त गर्भाशय तयार झालं नाही. पाळी येणार नाही, मूल होणार नाही. पोटात त्या वायनं घडवलेल्या दोन गाठी आहेत, त्या पुढं त्रास देऊ शकतात, त्या काढाव्या लागतील.

"मंग मी कोन?" आक्कानं विचारलं.

"बाई. जन्मापासून आहात, तशाच."

"मला बगायचंय ते."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी तिला प्रयोगशाळेत घेऊन गेले. सूक्ष्मदर्शकासाठी तिला स्टूल नको होतं, इतकी ती उंच. तिनं पदर मागं टाकला, वाकली, एक डोळा मिटला. आधी तिला काहीच दिसेना. मी चाक फिरवून दिलं. मग दिसलं.

"काड्या सांडल्यावानी दिसतंय," ती म्हणाली. "ह्यातला मपला कोन्ता?"

"समदे तुपलेच हायेत, आक्का."

"तसं न्हाई गं. त्यो."

मी भिंगातली सुई हलवून वाय दाखवला. ती खूप वेळ बघत राहिली. "केवढासा हाय," एवढंच बोलली.

त्यानंतर एक अख्खा दिवस ती माझ्या खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडून होती. जेवली नाही. होस्टेलच्या मुली विचारायच्या, मी ताप आलाय म्हणून सांगायची. ती रडत नव्हती, मला त्याचीच भीती वाटत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मी जागी झाले तर ती न्हाऊन, केस विंचरून, खिडकीशी बसलेली. तिनं मला जवळ बोलावलं.

"त्या बर्फातल्या उंदरीनीचं पुना सांग."

मी पुन्हा सांगितलं.

"तिला पिल्लं हुत्यात?"

"हुत्यात."

"आन् मला?"

त्या क्षणी मला काहीही बोलता आलं असतं. विज्ञान पुढं जाईल, औषध निघेल, असलं काहीतरी. पण ती माझ्याकडे अशी बघत होती की खोटं बोलायला जागाच नव्हती. "न्हाई, आक्का. तिचं येगळं हाय, तुपलं येगळं."

तिनं मान हलवली. "बरं झालं खोटं बोलली न्हाईस." मग थोड्या वेळानं म्हणाली, "पर ती मादीच हाय ना? तिच्यात वाय हाय म्हून बाकीचे उंदीर तिला भायेर काडीत न्हाईत?"

"न्हाई."

"मंग झालं. बैठकीला मी येनार. मायला सांग रडत बसू नको म्हनावं."

बैठक गेवराईच्या पलीकडं त्यांच्या गावातल्या विहारात झाली. सतरंज्या अंथरल्या होत्या. एका बाजूला सासरची माणसं, एका बाजूला आम्ही चौघं, आणि मधे गावातले निवृत्त गुरुजी, ज्यांचा शब्द दोन्हीकडचे मानत. आधी त्रिशरण झालं. सगळ्यांनी एका सुरात म्हटलं, आणि ते संपताच सासरे बोलायला लागले. त्यांची भाषा वाईट नव्हती. आमचा एकुलता एक पोरगा, वंश बुडतो, तुमी सांगायला पायजे होतं, एवढंच ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. सासू मात्र मधेच म्हणाली, "सांगतील कशाला? घरात ठिवून काय करायचं म्हून दिली आमच्या गळ्यात. बाईच न्हाई ती."

आप्पा मान खाली घालून बसले होते. खांबावर चढायला न भिणारा माणूस, पण त्या सतरंजीवर त्यांचे खांदे पडले होते. त्यांनी हात जोडले. "मिटवा आता," ते म्हणाले, "तुमी म्हनाल तसं मी..." त्यांना कबूल करून टाकायचं होतं, म्हणजे लेकीला घेऊन लवकर घरी जाता येईल.

"आप्पा, हात खाली घ्या," आक्का म्हणाली आणि उभी राहिली. बायका बैठकीत बोलत, पण बसून. ती उभी राहिली तेव्हा विहारात सगळ्यांत उंच तीच होती.

मीही उठायला लागले. सगळं माझ्या जिभेवर होतं: एक्स, वाय, बर्फातला उंदीर, न ऐकलेला निरोप. मी शिकलेली होते, सांगायचं काम माझं आहे असं मला वाटत होतं. आक्कानं माझं मनगट धरलं आणि मला खाली बसवलं. हळूच म्हणाली, "ते मपलं हाय. ह्यांस्नी कशापायी द्यायचं?"

मग ती गुरुजींकडे वळली. "गुरुजी, मी मोठ्या दवाखान्यात जाऊन तपासून आले. मपल्या पोटात पिशवी न्हाई. जल्मताच न्हाई. मला ठावं नव्हतं, मायला नव्हतं, डाक्टरला सुदीक नव्हतं. लेकरू मला व्हनार न्हाई, हे मी सोता सांगायले. ह्याच्यात फसवनूक कुनी केली? ज्याला ठावंच न्हाई त्यो फसवील कसा?"

ती उत्तमकडे वळली. तो भिंतीला टेकून बसला होता. "तुमी सांगा. तुमास्नी मपल्यासंगं ऱ्हायचंय का न्हाई? आईचं सांगू नका. तुमचं सांगा."

उत्तमनं वर पाहिलं. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं हे मी पाहिलं, आणि मला वाटलं की तो हो म्हणेल. त्यानं आईकडे बघितलं. मग सतरंजीकडे. "मी काय सांगू," तो म्हणाला.

"सांगितलं की," आक्का म्हणाली. आवाज चढला नव्हता. "मंग फारकत घ्या. मी अडवीत न्हाई. पर कबूल कुनी काय करायचं न्हाई. मपल्या बापानं फसवलं हा शब्द जाईल आन् सासूबाई बोलल्या त्यो पन. दोन्ही इथंच, बुद्धासमोर. त्याबिगर मी हलत न्हाई."

सासू म्हणाली, "मी न्हाई घेनार शब्द मागं."

"मी बसते मंग," आक्का म्हणाली आणि खरंच बसली, मांडी घालून, विहाराच्या मधोमध.

ऊन खिडकीतून सरकत गेलं. चहा आला, तिनं घेतला नाही. माणसं उठून बाहेर जाऊन आली. कुणीतरी आप्पांना कानात सांगितलं की पोरीला समजवा, आप्पांनी नाही म्हणून मान हलवली आणि तेही तिच्या शेजारी जाऊन बसले, मग माय, मग मी. सासऱ्यांचा एक भाऊ चिडून म्हणाला, "काय तमाशा हाय बे हा!" त्यावर गुरुजींनी त्याला गप्प केलं. अखेर कोपऱ्यात बसलेली एक म्हातारी उठली. ती सासूची चुलत जाऊ होती हे मला नंतर कळलं. ती सासूपुढं गेली आणि म्हणाली, "मलाबी लेकरू झालं न्हाई. मंग मी कोन हाय गं? सांग समद्यांसमोर."

सासूचा चेहरा पडला. तिनं बोटानं डोळ्यांच्या कडा पुसल्या आणि गुरुजींकडे बघून म्हणाली, "बोलले असंन मी रागात. ऱ्हाऊ द्या." सासरे म्हणाले, फसवलं न्हाई, आमचं नशीब. गुरुजींनी ते दोन्ही शब्द पुन्हा मोठ्यानं म्हणायला लावले. मग फारकत झाली. आक्कानं सगळ्यांना जयभीम घातला, उत्तमलाही. तो उठून उभा राहिला होता.

गेवराईच्या स्टँडवर एसटीची वाट बघताना तिला एकदम भूक लागली. तिनं भजी मागवली, पाव मागवला, मिरच्या मागवल्या आणि आम्हा सगळ्यांपेक्षा जास्त खाल्लं. माय रडत होती आणि हसतही होती. "अगं हळू," ती म्हणत होती. आप्पांनी पहिल्यांदाच विचारलं, "उंदीर मरतील का गं तुजे, सुमन? इतके दिस हितं ऱ्हायलीस."

पुढचं थोडक्यात. त्याच वर्षी आक्काच्या पोटातल्या गाठी काढल्या. डॉक्टर बाईंनीच सगळं जमवून दिलं. तिनं राहिलेली दहावी दिली, मग बरीच वर्षं गावात शिवणकाम केलं, आणि एसटीत बायकांना कंडक्टर म्हणून घ्यायला लागले तेव्हा पहिल्या फटक्यात लागली. तिची उंची तिथं कामी आली. भरलेल्या गाडीत तिचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत जायचा. तिनं दुसरं लग्न केलं नाही. एकदोन स्थळं आली होती, सगळं आधीच सांगून बघितलं, एक जण तयारही झाला होता, तिलाच तो पसंत पडला नाही.

माझा प्रबंध बारक्या शेतउंदराच्या मुक्या वायवर झाला. लोक विचारत, याचा उपयोग काय, आणि मला कधी नीट उत्तर देता आलं नाही. गेल्या काही वर्षांत आफ्रिकेतल्या एका चिमुकल्या उंदराबद्दल वाचलं. त्याच्यातही एक्स-वाय असलेल्या माद्या असतात, आणि त्या बाकीच्या माद्यांपेक्षा जास्त आक्रमक, चावाही जोराचा. हे मी फोनवर आक्काला सांगितलं तर ती इतकी हसली की तिला खोकला लागला. जपानच्या बेटावरच्या काटेरी उंदरात वाय नाहीच, तरी तो टिकून आहे, हेही सांगितलं. "असंल," ती म्हणाली. "ज्याचं त्याला ठावं."

हे प्रकरण लिहायला घेण्याआधी मी तिला विचारलं. इतकी वर्षं ते तिचं होतं. तिनं ते विहारातही कुणाला दिलं नव्हतं, मी कसं देऊ? मी म्हणाले, नाव बदलते, गाव बदलते, कुणाला कळणार नाही.

"तवा मी सव्वीस वर्साची व्हते," ती म्हणाली. "तवा ते लोकांनी हातात घिऊन चिवडलं असतं. आता कोन काय चिवडनार? लिही. कुन्या गावात दुसरी येखादी पोरगी भिंतीकडं तोंड करून पडली असंल. तिला कळू दे. आन् नाव बदलू नको. नावासकट लिही."

माझ्या थोरल्या बहिणीचं नाव शालन.